दुसरीचा हात

माशाचा काळा काठ आधी शिवला गेला तेव्हा चेस्टर झावाडाला वाटलं, आपणच चुकीचं डिझाइन लावलं. फ्रेममध्ये ताणून बसवलेली निळी टोपी, तिच्यावर थडथडणारी सुई, आणि त्या सुईखालून माशाच्या आकाराची एक काळी रेघ निघून, फिरून, जिथून निघाली तिथे परत आली. भरतकामाचं मशीन क्षणभर थांबलं. पिवळ्या दोऱ्याची सुई पुढे सरकली आणि त्या रेघेच्या अंगावरून भरत सुटली. काठ बुडाला. डोळाही आधीच शिवून झाला होता, तोही बुडाला. शेवटी टोपीवर राहिला तो एक पिवळा लोळा. हा सुजलेला अंगठा आहे असं कुणी सांगितलं असतं तरी पटलं असतं. चेस्टरने मशीन बंद केलं. दुकानात एकदम एवढं सामसूम झालं की बाहेर परेड स्ट्रीटवरून बर्फ खरवडत जाणाऱ्या गाडीचा आवाज थेट त्याच्या छातीत शिरला. त्याने मशीनच्या छोट्या पडद्यावर डिझाइनचं नाव पुन्हा वाचलं. चूक नव्हती. हौशी लोकांना मासे धरायला नेणाऱ्या ऑगी ड्रेव्हिचच्या बोटीच्या टोप्या, पर्च मासा, आणि नावापुढे त्याची बायको बर्नडेट नेहमी लावायची ते छोटं 'बी' अक्षर. टोपी त्याने फ्रेममधून काढली, उलटी केली, सुलटी केली आणि मग, का ते त्याला त्या वेळी कळलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात कोंबली.

मागच्या खोलीत बर्नडेट संगणकासमोर बसून संत्रं सोलत होती. तिला संत्र्याची साल एकसंध काढायची सवय होती. आजही ती तशीच निघाली होती आणि तिच्या मांडीवर गुंडाळी होऊन पडली होती. "थांबलं का ते?" तिने मागे न बघता विचारलं. मशीनचा आवाज थांबला की तिच्या पाठीला कळायचं. "दोरा तुटला," चेस्टर म्हणाला. "पिवळा असणार. तो डबा जुना झालाय, मी तुला सांगितलं होतं." "हो, सांगितलं होतंस," तो म्हणाला. आणि तिच्या मानेवरच्या बारीक पांढऱ्या केसांकडे बघत, काहीच न विचारता, दारात उभा राहिला. खोलीत संत्र्याचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास होता. तो वास म्हणजे त्यांचा संसार, असं त्याला कधीतरी वाटलं होतं. आज त्या वासात त्याला थांबवेना; तो मशीनपाशी परतला.

कारण काठ शेवटी, आणि डोळा त्याच्याही नंतर, हे बर्नडेट झोपेतसुद्धा चुकली नसती. लोकांना वाटतं चित्र मशीनला दाखवलं की मशीन शिवतं. मशीनला चित्र कळत नाही. त्याला फक्त सांगायचं असतं, इथे टोच, मग इथे टोच. आधी खालचे, न दिसणारे टाके, कापडाला धरून ठेवणारे; मग भरणी, कुठल्या दिशेने, किती दाट; मग काठ. कापड टाक्याकडे ओढलं जातं, म्हणून गोल हवा असेल तर गोल काढून चालत नाही, थोडा अंड्यासारखा काढावा लागतो. शिवल्यावर तो आपोआप गोल होतो. हा टाक्यांचा नकाशा काढणं म्हणजे डिजिटायझिंग, आणि ते बर्नडेटचं काम. चेस्टर शिवायचा, गिऱ्हाईक बघायचा, टोप्या आणि जर्सी घरोघर पोचवायचा. ती हे काम संगणकाच्या आधीपासून करत होती. न्यू जर्सीत तिच्या मामाच्या कारखान्यात, जिथे भरतकामाची मशिनं खोलीच्या लांबीची असायची, तिथे ती मुलगी असताना मोठ्या कागदावर एकेक टाका पेन्सिलीने आखायला शिकली. मामा म्हणायचा, पोरी, काय बुडवायचं ते आधी ठरव. चेस्टरशी लग्न करून ती सरोवराकाठच्या ईरी शहरात आली तेव्हा तिच्या बॅगेत दोन झगे आणि त्या पेन्सिली होत्या. पहिल्या हिवाळ्यात सरोवरावरून येणारा बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला तेव्हा ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे हे असं दर वर्षी होतं?" चेस्टरच्या आईला ती त्या एका वाक्यासाठी आवडली.

आणि तिची स्वतःची आई. तिकडे मन वळू नये म्हणून चेस्टर त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उगाच जास्त भांडी घासत बसला, पण ते वळलंच. म्हातारी शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे वरच्या खोलीत होती. आधी शब्द हरवले, मग माणसं, मग पायऱ्या. ती चमचे धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. एकदा तिने बर्नडेटला बाई म्हणून हाक मारली आणि पगार किती घेतेस विचारलं. बर्नडेटने हसून काहीतरी आकडा सांगितला आणि मग जिन्यात बसून राहिली. तिला उचलायला चेस्टर गेला तेव्हा ती त्याच्या बाहीला धरून म्हणाली होती, "चेट, माझं असं झालं तर मला सांगू नकोस. काहीही कर. पण मला कळू देऊ नकोस." त्याने हो म्हटलं होतं. अशा वेळी माणूस हो म्हणतो. तेव्हा दोघंही चाळिशीतही नव्हती, तिच्या बोटांना तेव्हा पेन्सिलीचा वास यायचा, आणि हो म्हणायला काही लागत नव्हतं.

ऑगीच्या टोप्या त्याने स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न केला. बर्नडेट शेजारच्या बाईबरोबर दुकानं फिरायला गेली की तो तिच्या खुर्चीवर बसायचा, खुर्ची तिच्या उंचीला लावलेली, त्याचे गुडघे टेबलाला लागायचे. त्याने काठ उचलून शेवटी टाकला. तेवढ्याने भागलं नाही. आत सगळंच विस्कटलं होतं, एकावर एक तीन थर, मध्येच एक वाट कुठेच न जाणारी. तो बघत राहिला. आपण कुणाच्या तरी डोक्याच्या आत, बोलावलं नसताना, चपला घालून शिरलोय असं त्याला वाटलं. ती परत आली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. "तू माझ्या खुर्चीवर बसला होतास," ती म्हणाली. "नाही." "गरम आहे." मग ती बसली आणि विसरली, की विसरल्यासारखं केलं, त्याला हे दोन वेगळे करता येईनासे झाले होते. एकदा नुसतं पडद्याकडे बघत तिने विचारलं, "चेट, माझं डोकं ठीक आहे ना?" तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तरी." ती हसली. त्या हसण्यावर त्याने पुढचे कित्येक दिवस काढले.

मग त्याने काम बाहेर पाठवायला सुरुवात केली. हे सगळेच करत होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी माणसं बसलेली असतात, चित्र पाठवा, सकाळी टाके तयार. बर्नडेट अशा दुकानदारांना कसाई म्हणायची. चेस्टर ग्रंथालयात जाऊन तिथल्या संगणकावरून चित्रं पाठवायचा, चोरासारखा, आणि आलेल्या फाइलीला स्वतःच्या हाताने छोटं बी लावायचा. बर्नडेट रोज सकाळी खुर्चीवर बसायची, काम करायची, संध्याकाळी म्हणायची, "शाळेच्या जर्सीचं झालं, बघून घे." तो बघायचा. तिची अक्षरं एकमेकांत घुसलेली असायची, कधी एका कोपऱ्यात टाक्यांचा डोंगर, कधी चित्राच्या अर्ध्यावरच ती थांबलेली असायची, जणू तिथून पुढे रस्ता बर्फाने बंद होता. "छान झालंय," तो म्हणायचा. आणि दुसऱ्याच कुणाच्या टाक्यांनी जर्सी शिवायचा, आणि ती मागच्या खोलीत मशीनचा आवाज ऐकत, आपलंच काम शिवलं जातंय अशा समाधानाने संत्रं सोलायची. त्या दिवसांत तो तिच्याशी पूर्वीपेक्षा प्रेमाने वागायला लागला. तिला कोट घालून द्यायचा, गाडीचं दार उघडायचा. तिच्या ते लक्षात आलं होतं हे त्याला नंतर कळलं. एवढ्या वर्षांनी नवरा अचानक दार उघडायला लागला तर कुठल्याही बायकोच्या ते लक्षात येतंच.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, चर्चच्या तळघरात मासे तळतात. शहराचा अख्खा पूर्व भाग तिथे लोटतो. लांब टेबलं, कागदी ताटल्या, तळलेला पर्च, कोबीची कोशिंबीर, लोण्यात परतलेल्या पिएरोगी नावाच्या बटाट्याच्या करंज्या, आणि कांद्याच्या वासाने भिजलेले कोट. ऑगी ड्रेव्हिच पलीकडे येऊन बसला. मोठा आवाज, मोठं पोट, डोक्यावर नवी निळी टोपी. "बर्नी, हे बघ, तुझ्या माशाने बोटीचं नशीब काढलंय. लोक मासे धरायला नाही, टोपी घ्यायला येतात." चेस्टरने काटा खाली ठेवला. बर्नडेटने हात पुढे केला, आणि ऑगीने हसत डोकं वाकवलं, जसं एखाद्या राणीपुढे वाकवतात. तिने टोपी काढून घेतली. आधी सुलट बघितली, लांब धरून. मग तिने आतला घामाचा पट्टा अंगठ्याने बाजूला केला आणि मागची बाजू बघितली. पाठीकडून बघितलं की सगळं कळतं, कोण कुठून निघालं, कुठे थांबलं, कुठे दोरा तोडला. चेस्टर तिचा चेहरा बघत होता. कित्येक महिन्यांत तो चेहरा इतका लख्ख, इतका जागा दिसला नव्हता. ती जणू लांबच्या प्रवासाहून परत आली होती. हेच त्याला सहन झालं नाही.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" ऑगी अजून हसत होता.

"स्वच्छ काम आहे. गाठी नीट मारल्यात. पण सगळे टाके एकाच बाजूला झोपलेत. मासा मेलेला आहे हा." तिने टोपी परत ऑगीच्या डोक्यावर ठेवली, नीट, सरळ करून. मग चेस्टरकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "कोण आहे ती?"

पलीकडची मिसेस विल्क आपल्या ताटलीतल्या लिंबाकडे एकाग्रतेने बघू लागली. "बर्नडेट, घरी बोलू," चेस्टर म्हणाला. "कोण आहे ती, एवढंच विचारलं मी."

गाडीत तिने पुन्हा विचारलं नाही. काचेवर बर्फ पडत होता, वायपरची पाती तो पुसत होती, आणि रस्त्यावरचे दिवे एकामागून एक तिच्या तोंडावरून जात होते. घराच्या दारात गाडी थांबली तरी ती उतरली नाही. "मला वाटत होतंच," ती म्हणाली. "तू ग्रंथालयात जातोस. तू आयुष्यात पुस्तक वाचलेलं नाहीस, चेट. दारं उघडतोस. माझ्या खुर्चीवर बसतोस. ती माझ्या खुर्चीवर बसते का?" "नाही." "पण आहे." चेस्टरने चाक दोन्ही हातांनी धरलं होतं, बंद गाडीचं. तिच्या शब्दांत एक रांग होती, एकापुढे एक, कुठेही न विस्कटलेली. फक्त ती दुसरीकडे जाऊन पोचली होती. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की नाही म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न काय असणार. मग हे काम कोणी केलं. आणि का. आणि माझं काम कुठे आहे. तिथून जिन्यातल्या त्या बर्नडेटपर्यंत, त्याच्या बाहीला धरून बसलेल्या, दोन पावलंही नव्हती. बर्नडेट वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे काहीतरी दुसरं, ज्याच्याकडे त्याने बघितलं नाही.

"हो," तो म्हणाला.

तिने मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाली, "बरं." एवढंच. आणि त्याला वाटलं, शपथेवर सांगता आलं नसतं पण वाटलं, की तिने सुटकेचा श्वास सोडला. घसरणाऱ्या माणसाच्या हाताला कठडा लागावा तसा. पुढे त्याने या श्वासाचा हजारदा विचार केला. तिला ठाऊक होतं का? तिने त्या बाईला घट्ट धरलं ते ती बाई खोटी आहे हे ठाऊक असूनच का? कधी वाटायचं हो, आणि मग त्याला तिच्या शहाणपणाचं कौतुक वाटायचं. कधी वाटायचं, मी माझ्या सोयीसाठी तिच्या श्वासाला अर्थ चिकटवतोय. ती फक्त थकली होती. मासे तळलेल्या तळघरात हवा कोंदट असते.

खोटं बोलताना माणसाला वाटतं ते आजच्यापुरतं आहे. बर्नडेट बाकी सगळं विसरत होती, गॅस, किल्ल्या, सोमवार; हेही विसरेल असं त्याने धरलं होतं. पण ते मात्र तिच्यात रुजलं. सकाळी ती त्याची कॉफी ओतायची आणि म्हणायची, "तिची कॉफी कशी असते?" जेवताना मध्येच, "तिला मुलं आहेत का?" तो गप्प बसायचा. गप्प बसणं हेही उत्तरच होतं. मागच्या खोलीत ती जाईनाशी झाली. "तिला दे माझं काम, तसंही देतोच आहेस." एका अर्थी त्याने जे मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं: आपल्याला जमत नाही हे तिला कधीच कळलं नाही. तिला वाटत होतं आपण काम सोडलंय, रागाने, मानाने.

तिने त्याला पापनिवेदनाला पाठवलं. स्वतः गाडीत बसून राहिली, तो चर्चमध्ये शिरतोय ना हे बघत. लाकडी खोक्यात, जाळीपलीकडे फादर मिखालच्या सर्दीचा आवाज. "खोटं बोललो," चेस्टर म्हणाला. "कुणाशी?" "बायकोशी." "काय बोललात?" "की दुसरी बाई आहे." पलीकडे नाक शिंकरलं गेलं. "आणि नाहीये?" "नाही, फादर." फादर खाकरले. "मी पंचवीस वर्षं इथे बसतोय, चेस्टर. लोक उलटं करतात." मग चेस्टर सगळं सांगू लागला, मासा, काठ, सासूचे चमचे, आणि सांगताना ते इतकं वेड्यासारखं वाटलं की त्याने मध्येच सोडून दिलं. "तिला खरं सांगा," फादर म्हणाले. "खरं सांगितलं तर तिला कळेल." "काय?" "तेच तर." शेवटी फादरनी नेहमीच्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या, दुसरं त्यांच्याकडे काही नव्हतं. बाहेर आल्यावर बर्नडेटने विचारलं, "सांगितलंस?" "सांगितलं." "काय म्हणाले?" "प्रार्थना म्हणायला सांगितल्या." "फक्त?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली, आपल्या दुःखाची किंमत एवढीच झाली म्हणून दुखावलेली.

त्या सुमाराला त्याला एक विचित्र ओढ लागली. ते टाके काढणारं माणूस कोण, हे त्याला जाणून घ्यावंसं वाटू लागलं. काम स्वच्छ होतं, वेळेवर यायचं, चूक दाखवली तर न कुरकुरता सुधारून यायचं. बर्नडेट रोज जिच्याशी भांडत होती, त्या बाईला निदान चेहरा असावा. ग्रंथालयात बसून त्याने टाके पाठवणाऱ्या कंपनीला लिहिलं, माझं काम तुमच्याकडे जे करतात ते पुरुष आहेत की बाई, सहज विचारतोय, काम चांगलं आहे. उत्तर आलं: सर, आमचे सगळे कर्मचारी दिवसरात्र आपल्या सेवेत तत्पर आहेत, पुढच्या कामाची वाट पाहतो. त्याने ते दोनदा वाचलं. शेजारच्या संगणकावर एक म्हातारा हवामान बघत होता. चेस्टरने त्याला उगाच विचारलं, "आणखी पडणार का?" "पडणारच," म्हातारा म्हणाला.

मुलगी टेरीसा दूर दक्षिणेत, शार्लटला राहायची. आईनेच तिला फोन करून सांगितलं, आणि ते अशा बारकाव्यांनिशी, अशा ओळीने सांगितलं की कुणीही विश्वास ठेवला असता. टेरीसाने वडिलांना फोन केला नाही. तिने फोन केला तो वर्षभराने, बर्नडेट चपलांशिवाय सरोवराच्या बाजूला चालत गेली आणि पोलिसांनी तिला घरी आणलं त्यानंतर. तोवर डॉक्टर झाले होते, तपासण्या झाल्या होत्या, आजाराला नाव मिळालं होतं, आणि ते नाव डॉक्टरने बर्नडेटसमोर उच्चारलं तेव्हा ती चेस्टरकडे बघून म्हणाली होती, "यांना तिच्याबद्दल सांगितलंस का?" म्हणजे तेही तिच्यापर्यंत पोचलं नाही. चेस्टर जिंकला होता. टेरीसा आली, स्वयंपाकघरात उभी राहिली, कोट न काढता. त्याने तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता, एवढं तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "आई आता काही सिद्ध करू शकत नाही. तुम्ही तिच्या आजारावर नका ढकलू."

"मी ढकलत नाहीये. बाई नव्हतीच. फायली आहेत, पत्रं आहेत, तुला दाखवतो."

"कामाच्या फायलींनी काय होतं? काम बाहेर दिलंत तुम्ही, दिलंच असेल. पण मग तिला हो कशाला म्हणालात? कुठला माणूस न केलेल्याला हो म्हणतो?"

त्याने तिला जिन्यातली गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग तिने डोळे मिटले. "आजीचं मलाही आठवतं," ती म्हणाली. "पण आई रोज रडायची हो फोनवर. आजाराने नाही रडली ती. तुमच्यामुळे रडली. ते जरी खोटं असलं तरी रडणं खरं होतं ना?" हिशेब चेस्टरला पहिल्यांदाच असा उघडा दिसला. एका भीतीपासून बर्नडेटला वाचवायला त्याने तिला दुसरं दुःख दिलं, आणि त्या दुःखाने तिची उरलेली जाग सगळी खाऊन टाकली. जी वर्षं ती अजून तीच होती, ती तिने आपल्याला टाकून दिलेली बाई म्हणून काढली. खरं सांगितलं असतं तर ती घाबरली असती, पूर्वीसारखी जिन्यात बसली असती, पण त्याच्या बाहीला धरून बसली असती.

त्याने ते एकदा सांगायचा प्रयत्न केलाच. उशीर झाला होता, तरी. दुपारी तिच्या पायाशी स्टुलावर बसून, तिचे मोजे चढवता चढवता. "बर्नडेट, ऐक. कुणी बाई नव्हती. कधीच नव्हती. मी खोटं बोललो." ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना करायची तसे. "सोडून गेली का तुला?" ती म्हणाली. आणि मग, या सगळ्यात पहिल्यांदाच मायेने, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं," ती म्हणाली.

घरात सांभाळणं अशक्य झालं तेव्हा तिला सरोवराच्या कडेच्या वृद्धांच्या संस्थेत ठेवलं. मशीन त्याने एका चुणचुणीत जोडप्याला विकून टाकलं. त्यांनी त्याला वर्षानुवर्षांचं काही विचारलं नाही, एवढंच विचारलं की हे आमच्या तळघराच्या जिन्यावरून खाली उतरेल का. दुकानाच्या काचेवरचं नाव खरवडून काढलं तरी उन्हात ते दिसत राहिलं, मग काही दिवसांनी तिथे नखं रंगवायचं दुकान आलं. चेस्टर रोज दुपारी तिला भेटायला जायचा. सुरुवातीला ती त्याच्यावर चिडायची, तिच्याकडे जा म्हणायची, तोंड फिरवायची. परिचारिका त्याच्याकडे सहानुभूतीने आणि थोड्या वेगळ्या नजरेनेही बघायच्या. बर्नडेट त्यांनाही सांगत असणार. मग हळूहळू चिडणं ओसरलं, आणि चेस्टरला हायसं वाटायच्या आधीच लक्षात आलं की राग ज्या माणसावर होता त्या माणसाचा चेहराच तिच्यातून ओसरलाय.

वसंतातल्या एका दुपारी तो गेला तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत, केस विंचरून, निळा स्वेटर घालून बसली होती. कुणीतरी तिला ओठांना हलका रंगही लावला होता. बाहेर सरोवरावरचा बर्फ फुटून त्याचे करडे तुकडे किनाऱ्याला लागले होते. "या ना, बसा," ती म्हणाली. "कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," चेस्टर म्हणाला.

"बरं केलंत. इथे बोलायला कुणी नाही." तिने त्याला नीट न्याहाळलं, आणि तो आवडला असावा. "लग्न झालंय तुमचं?"

"झालंय."

"माझंही. माझ्या नवऱ्याने दुसरी केली." हे ती रागाने म्हणाली नाही, आपलं गाव सांगावं तसं म्हणाली. "माझंच काम करते ती. बरी करते म्हणे."

"तसं नसेलही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "लोक काहीही सांगतात."

"लोक नाहीत. त्याने स्वतः सांगितलं. चेट कधी खोटं बोलत नाही."

तिने स्वेटरची बाही ओढून सरळ केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, जे तिला आता वाचता येत नव्हतं, आणि अस्वस्थ झाली. "तुम्ही आता निघा," ती हळूच म्हणाली. "त्याची यायची वेळ झाली. परक्या पुरुषाबरोबर बसलेली बघून त्याला उगाच वाईट वाटायचं." चेस्टर उठला. तिने त्याला मान लववून निरोप दिला, तरुणपणी द्यायची तसा. तो बाहेर आला. कॉरिडॉरमध्ये एक बाई चाकाच्या खुर्चीत झोपली होती, कुठेतरी ताटं वाजत होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग त्याने कोटाची बटणं वरपर्यंत लावली, केसांवरून हात फिरवला, आणि पुन्हा आत गेला.

ती दाराकडेच तोंड करून बसली होती. त्याला बघून तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. "परत आलात?" ती म्हणाली. "काही विसरलात का?"

"नाही," तो म्हणाला, आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"मग जरा बाजूला व्हा," ती म्हणाली, "मला दार दिसत नाहीये."